दस्तऐवजावरील सही, अंगठा आणि मोहोर

पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही दोन-तीन पिढ्यांपूर्वी केवळ गावांची नावे होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, आणि १९८२ साली या गावांची महानगरपालिका झाली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून हाच ओघ इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरला. ज्या चाकणचे नाव कांद्याच्या बाजाराकरिता घेतले जाई, त्या चाकणच्या भोवतालच्या शिवारांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. जमिनीचा भाव एकरावर सांगण्याची रीत गेली व तो गुंठ्यावर सांगितला जाऊ लागला.

शेतीच्या पत्रिकेत कायद्याचा पाठ कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, या पट्ट्यात वाईट बियाण्याने किंवा रोगराईने शेतकऱ्याचे जे नुकसान होते ते एका हंगामाचे असते. वाचून न पाहता केलेल्या एका सहीने होणारे नुकसान पिढ्यांचे असते. बियाणे पारखून घेणारा शेतकरी कागद पारखून घेत नाही, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून दस्त लिहून देताना व घेताना सही, अंगठा, साक्ष आणि मोहोर यांविषयी कायद्याची अपेक्षा काय असते, ते येथे विस्ताराने सांगावयाचे योजिले आहे.

नांगराची निशाणी

आपल्याकडे कागदावर खूण करण्याची रीत जुनी आहे. मराठेशाहीतील महजर पाहिले तर त्यांवर पाटलाच्या नावापुढे नांगराची आकृती काढलेली दिसते. बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराचे चित्र काढीत, आणि स्त्रीच्या नावापुढे बांगडी काढीत. यालाच ‘निशाणी’ म्हणत. सरकारी कागदावर मोहोर उमटे व शेवटी ‘मोर्तब’ होई. ते झाले की पुढे मजकूर वाढविता येत नसे. चिंचवडच्या देव घराण्याच्या इनामासारख्या सनदांचे मोल त्या मोहोरांवरच होते. अक्षरशत्रू मनुष्यासही आपली खूण स्वतःच्या हाताने करण्याचा मान होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे नांगराची जागा अंगठ्याने घेतली. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाच्या करारावर साऱ्या पंजाचा ठसा घेतला. करार नाकारण्यास त्याचे मन धजू नये, एवढाच त्यातील हेतू होता. मात्र त्यातून हर्शेलला बोटांच्या रेषांचा नाद लागला, आणि १८७७ साली हुगळी येथे त्याने दस्तनोंदणीच्या कामी बोटांचे ठसे घेण्याचा प्रघात पाडला. आज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आपण यंत्रावर अंगठा ठेवतो, त्याचे मूळ हे असे एका जमीनजुमल्याच्या कचेरीतच आहे.

सुप्याचा धडा

आपल्या पुणे जिल्ह्याला या विषयाचा इतिहास अधिक जवळचा आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठली. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या वह्यांवर होता; ते कागद हिसकावून जाळण्यात आले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत एक असे की, शेतकऱ्याने ज्यावर अंगठा केला तो मजकूर त्यास ठाऊकच नसे.

त्यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साहाय्य-कायदा झाला, त्यात पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांकरिता ग्राम-निबंधकांची योजना होती. शेतकरी ज्यात पक्षकार आहे असा दस्त ग्राम-निबंधकाने स्वतः लिहावयाचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावयाचा. तो मोठ्याने वाचून दाखवावयाचा. पक्षकारांस मान्य आहे याची खात्री करून मगच सही किंवा निशाणी घ्यावयाची. आणि वाचता न येणारा असेल तर दोन प्रतिष्ठित साक्षीदार घ्यावयाचे, असा तो क्रम होता. ती व्यवस्था आज उरलेली नाही. आजच्या नोंदणी कायद्यात दस्त वाचून दाखविण्याचे काम कोणा अधिकाऱ्यावर त्या प्रकारे सोपविलेले नाही. अर्थात ते काम शेतकऱ्याने स्वतः करावयाचे आहे, किंवा आपल्या विश्वासातील वाचणाऱ्याकडून करवून घ्यावयाचे आहे. मुलगा अथवा सून शिकलेली असेल तर दस्त लिहून देण्याच्या आदल्या दिवशी घरी बसून तो संपूर्ण वाचवून घ्यावा. कचेरीच्या ओसरीवर, मागे रांग उभी असताना, कोणाचेही वाचन नीट होत नाही.

सही व अंगठा

लिहिता न येणाऱ्याची निशाणी ही कायद्याने सहीच होय; १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात ‘सही’ या शब्दात निशाणीचा समावेश केलेला आहे. अंगठा केल्याने दस्त कच्चा ठरतो हा समज चुकीचा. मात्र अंगठा कोणाचा, हे कागदावर उघड दिसले पाहिजे. म्हणून ठशाशेजारी ‘निशाणी डावे हाताचा आंगठा’ असे लिहून पूर्ण नाव लिहितात, आणि ज्याने ते लिहिले तो ‘दस्तुर’ म्हणून आपली सही करतो. हा दस्तुर शक्यतो समोरच्या पक्षाचा माणूस नसावा.

येथे एक बारीकशी गोष्ट. माती व अवजार हाताळून शेतकऱ्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. शाई जास्त लागली की ठशाचा नुसता काळा डाग होतो, आणि वाद उद्भवल्यास तज्ज्ञाला त्यातून काही वाचता येत नाही. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, शाई बेताची लावून, अंगठा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलकेच फिरवून ठसा घ्यावा. डागाळला तर त्यावरच दुसरा न उठविता शेजारी नवा घ्यावा.

सही करणाऱ्याने प्रत्येक पानावर सही करावी. केवळ शेवटच्या पानावर सही असेल तर मधले पान बदलले गेल्याची तक्रार करणे सोपे व सिद्ध करणे कठीण जाते. दस्तात खाडाखोड, ओळींमधील जादा मजकूर किंवा कोरी जागा असेल तर तेथे तेथे लिहून देणाऱ्याची सही अथवा आद्याक्षरे हवीत. ती नसल्यास नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो, असे १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम २० सांगते. कोऱ्या जागी आडवी रेघ मारावी. गट नंबर, क्षेत्र व रक्कम अंकी आणि अक्षरी अशा दोन्ही रीतींनी लिहावी. चतुःसीमा लिहिताना जुन्या दस्तातून उतरवून न घेता त्या दिवशी प्रत्यक्ष शेजारी कोण आहे ते पाहून लिहावी. या पट्ट्यात दहा वर्षांत चारी बाजूंचे शेजारी बदललेले असतात. आणि कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या कागदावर कोणाच्याही सांगण्यावरून, भावाच्या सांगण्यावरूनही, सही करू नये. ‘मजकूर नंतर टाईप करतो’ हे वाक्य ऐकताच उठून घरी यावे.

मुद्रांकासंबंधी एवढे ध्यानी ठेवावे की, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे शुल्क सही होण्यापूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढील कामाच्या दिवशी भरलेले असले पाहिजे. खरेदी केलेला मुद्रांक सहा महिन्यांत न वापरल्यास निरुपयोगी होतो. जुना मुद्रांक कोठून तरी पैदा करून मागील तारखेचा करारनामा लिहिणारे लोक असतात; अशा कागदावर सही करणे म्हणजे खोट्या दस्तात सामील होणेच होय.

साक्षीदार

साक्षीदार किती असावेत याविषयी गावोगाव नाना समजुती आहेत. कायदा असा आहे : गहाणखत (हक्काचे कागद ठेवून केलेले गहाण सोडून) आणि बक्षीसपत्र यांना किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक आहे, मृत्युपत्रालाही तसेच. खरेदीखतास साक्षांकन कायद्याने सक्तीचे नाही, तथापि दोन साक्षीदार घेण्याची आपली वहिवाट शहाणपणाची आहे व ती सोडू नये.

साक्षांकन म्हणजे काय, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सांगितले आहे. साक्षीदाराने लिहून देणाऱ्यास सही किंवा निशाणी करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझी’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि साक्षीदाराने आपली सही लिहून देणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. यावरून उघड होईल की, चहाच्या दुकानात बसून कोणी ‘साक्षीदार’ सही ठोकून देतो, ते साक्षांकन नव्हे. न्यायालयात बक्षीसपत्र सिद्ध करण्याची वेळ आली तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकास बोलवावे लागण्याचा प्रसंग येतो. तेव्हा ज्याला काय झाले हे आठवते, जो वयाने फार वृद्ध नाही व जो सापडतो, असा साक्षीदार निवडावा. ज्यास दस्ताने लाभ होणार आहे त्याने साक्ष करू नये. कचेरीबाहेर उभा असलेला अनोळखी मनुष्य दहा वर्षांनी कोठे शोधणार?

साक्षीदार व ओळखदार यांत गल्लत होते. साक्षीदार सहीचा, ओळखदार माणसाचा. दस्त लिहून देणारा तोच हा मनुष्य, असे दुय्यम निबंधकापुढे सांगणारा तो ओळखदार. दोन्ही कामे एकच व्यक्ती करू शकते, परंतु ती दोन निराळी कामे आहेत.

लाल मोहोरेचा भ्रम

आता मोहोरेकडे वळू. इंग्लंडात दस्तावर सही करून लाखेची मोहोर उठवून तो सुपूर्द करण्याची रीत शतकानुशतके होती; १९८९ च्या कायद्याने तेथेही व्यक्तीच्या दस्तास मोहोरेची गरज उरली नाही. भारतात व्यक्तीने करावयाच्या दस्तास मोहोर कधीच अनिवार्य नव्हती. शेतकऱ्याची सही किंवा अंगठा पुरेसा आहे.

कंपनीची गोष्ट वेगळी. कारखान्याशी किंवा बांधकाम कंपनीशी व्यवहार करताना समोर सही करणारा मनुष्य कोणत्या अधिकाराने सही करतो, हे पाहावे. पूर्वी कंपनीस सामायिक मोहोर ठेवावी लागे. २०१५ च्या दुरुस्तीने ती ऐच्छिक झाली. मोहोर नसेल तेथे दस्त करण्यासाठी कोणास मुखत्यार नेमावयाचे झाल्यास तो अधिकार दोन संचालकांच्या, किंवा एक संचालक व कंपनी सचिव यांच्या सहीने द्यावा लागतो. तेव्हा ‘कंपनीचा शिक्का आहे ना’ एवढ्यावर समाधान न मानता संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत मागावी व ती दस्तास जोडावी. ती मागण्यात संकोच कसला? तुमच्या सातबाऱ्याची प्रत त्यांनी मागितलीच होती.

सर्वांत अधिक घात होतो तो नोटरीच्या लाल मोहोरेने. प्रस्तुत लेखकाकडे एक गृहस्थ एक कागद घेऊन आले होते. पाचशे रुपयांचा मुद्रांक, त्यावर दीड एकराचा करार, खाली गोल लाल मोहोर व तिकीट. गृहस्थांनी पूर्ण मोबदला चुकता केला होता, चार वर्षे जमीन कसली होती, विहिरीवर मोटार बसविली होती. विकणारा वारला आणि त्याच्या वारसांनी तीच जमीन नोंदणीकृत खरेदीखताने तिसऱ्यास दिली. गृहस्थ मोहोरेवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘सरकारी शिक्का आहे हा.’ नोटरीची मोहोर इतकेच सांगते की, अमुक दिवशी अमुक मनुष्याने नोटरीपुढे सही केली. तिने जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ स्पष्ट सांगते. आणि साठेखताने, ते नोंदविलेले असले तरी, मालकी मिळत नाही, खरेदीखत करून मागण्याचा हक्क मिळतो. तो हक्क बजावण्याच्या दाव्यास मुदतही तीन वर्षांचीच आहे. पूर्वी ताबा घेतलेल्या खरेदीदारास काही संरक्षण असे. २००१ च्या दुरुस्तीनंतर करार नोंदणीकृत नसल्यास तेही मिळत नाही. वर आणखी, ताब्यासह केलेल्या करारावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे पाचशेच्या मुद्रांकावरील तो कागद न्यायालयात दाखल करतानाच अडतो. त्या गृहस्थांस आम्ही वकिलाकडे पाठविले. जमीन आज त्यांच्याकडे नाही.

कुलमुखत्यारपत्र घेऊन जमीन ‘विकत घेतली’ म्हणणाऱ्यांचीही हीच गत. कुलमुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र या त्रिकुटाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले आहे.

जी मोहोर खरोखर पाहावयाची ती दुय्यम निबंधकाची. नोंदणी पूर्ण झाल्यावर दस्तावर ‘नोंदला’ असा शेरा, दस्त क्रमांक, तारीख, अधिकाऱ्याची सही व कचेरीची मोहोर असते. ती पाहिल्याखेरीज मूळ दस्त घरी आणू नये.

निबंधकासमोर

सही झाल्याच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीस सादर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास दंड भरून आणखी चार महिन्यांची सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. नोंदणी झाली की दस्ताचा अंमल सामान्यतः सहीच्या तारखेपासून धरला जातो, नोंदणीच्या तारखेपासून नव्हे. म्हणून दस्तावरील तारीख प्रत्यक्ष सहीचीच असली पाहिजे.

कचेरीत लिहून देणाऱ्यास सहीची कबुली द्यावी लागते. छायाचित्र व बोटांचे ठसे घेतले जातात. मालकी हस्तांतरणाच्या दस्तात विकणारा व घेणारा दोघांचेही. याच वेळी एक उपयुक्त गोष्ट करता येते. पैसे अधिकाऱ्यासमक्ष दिल्यास तशी नोंद दस्ताच्या पाठीवर होते. ‘संपूर्ण भरणा पावला’ असे दस्तात लिहून देऊन नंतर रकमेसाठी खेपा घालणारे विक्रेते या पट्ट्यात कमी नाहीत. रक्कम बँकेत जमा झाल्याखेरीज भरणा पावल्याची कबुली देऊ नये, आणि धनादेशाचा क्रमांक व तारीख दस्तात लिहवावी.

दस्त खोटा असेल, फसवून सही घेतली असेल, तर बोलण्याची जागा हीच. लिहून देणाऱ्याने ‘हा दस्त मी करून दिलेला नाही’ असे सांगितल्यास दुय्यम निबंधक त्याच्यापुरती नोंदणी नाकारतो. कबुलीनंतर तोच मुद्दा मांडावयाचा तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. आजारी किंवा अपंग वृद्धास कचेरीत येणे शक्य नसेल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरी येऊ शकतो. आजोबांना खाटेसकट जीपमध्ये घालून नेण्याचे कारण नाही. मात्र घरी आलेल्या अधिकाऱ्याच्या देखत त्या वृद्धास मजकूर कळतो आहे, हे कुटुंबीयांनीही प्रामाणिकपणे पाहावे. दस्तातील ‘अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हे शब्द तेव्हाच खरे ठरतात.

सही कोणाकोणाची

सातबाऱ्यावर नाव एकाचे असले तरी जमीन एकाची असेलच असे नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबातील मुलगी जन्मतः सहदायाद आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क बाधित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ठरविले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीस किंवा नोंदणीकृत वाटपास मात्र त्याने धक्का लागत नाही. तेव्हा वडिलोपार्जित जमीन घेताना बहिणींच्या सह्या नाहीत, असा दस्त घेणारा मनुष्य खटला विकत घेतो.

बहिणींकडून हक्कसोड घेण्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. हक्कसोडपत्रही नोंदणीकृतच हवे. राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीस ‘एका कागदावर सही कर’ म्हणून कचेरीत नेण्याची जी चाल पडली आहे ती शोभणारी नाही, आणि टिकणारीही नाही. मजकूर न सांगता घेतलेली सही पुढे आव्हानास पात्र ठरते. बहिणीला जमिनीचा आजचा भाव सांगावा, दस्त वाचून दाखवावा, तिच्या घरच्यांस विचारण्यास अवधी द्यावा. इतके करूनही ती हक्क सोडीत असेल तर तो तिचा मोठेपणा. सोडीत नसेल तर तो तिचा हक्क.

अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन आईबापांनाही न्यायालयाच्या परवानगीविना विकता येत नाही. कुळकायद्याने मिळालेली, वतनाची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर सहीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते का, ते तहसील कचेरीत विचारावे. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे फेरबदल झाले असल्याने काही गुंठ्यांचे व्यवहार करताना जुन्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

फेरफारापर्यंत

मूळ दस्त हाती आला की काम संपले असे समजून पुष्कळजण तो पेटीत ठेवतात. नोंदणी कचेरीकडून महसूल खात्यास सूचना जाते, गाव-कामगार तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद धरतात व हितसंबंधितांस नोटीस देतात. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि नाव सातबाऱ्यावर चढते. घेणाऱ्याने फेरफार क्रमांक मिळवून नोंद प्रमाणित होईपर्यंत पाठपुरावा करावा. विकणाऱ्याने, आणि न विकणाऱ्यानेही, चावडीवर लागलेल्या नोटिसा अधूनमधून वाचाव्यात व आपल्या गटाचा उतारा निदान सहा महिन्यांतून एकदा काढून पाहावा. आपल्या गटावर आपण न केलेल्या व्यवहाराची नोंद आढळली तर त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी, तिच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि नोंदणी कचेरीतून त्या दस्ताची सूची क्रमांक दोन व प्रमाणित नक्कल मागवून त्यावरील छायाचित्र, सही आणि अंगठा कोणाचा आहे ते पाहावे.